भोंगा वाजतो, पण फोन येत नाही

दर्यापुरातलं कृषी केंद्र असो की बनोशातलं कुलूपबंद घर, अलार्म बसवून देणारा एकच करामत दाखवतो: दार उघडलं की मालकाच्या मोबाइलवर फोन. त्या दिवशी तो हमखास येतो. वर्षभरानं आपण लग्नाला बाहेरगावी असताना मात्र भोंगा सगळी गल्ली ऐकते आणि आपला मोबाइल गप्प. मेकॅनिक येऊन ‘पॅनेलच बदला’ म्हणतो, म्हणजे चार ते आठ हजारांची फोडणी. बहुतेकदा तिची गरज नसते.

भोंगा वाजतोय याचा अर्थ सेन्सर आणि पॅनेल बहुधा शाबूत आहेत. पहिला संशय सिमवर घ्या. पॅनेलमध्ये सहसा घरात पडून असलेलं जुनं सिम जातं आणि त्याचा रिचार्ज कुणाच्याच लक्षात राहत नाही. वैधता संपली की आधी आउटगोइंग बंद होतं. इनकमिंग काही दिवस चालू राहतं, म्हणून आपण त्या नंबरवर रिंग देऊन पाहिली तर सगळं ठीक वाटतं. पॅनेलमधून फोन लावणाऱ्या डायलरला तर आउटगोइंगच लागतं. सिम काढून साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला आणि त्यावरून स्वतःला फोन लावा. खर्च शून्य. या सिमला इंटरनेट लागत नाही. २०२५ च्या जानेवारीपासून खासगी कंपन्यांनी फक्त कॉल-एसएमएसचे पॅक आणले. त्यांतला ८४ दिवसांचा पॅक साडेचारशे-पाचशेच्या घरात, वर्षाचा अठराशेच्या आसपास मिळतो. वर्षाचाच घ्या. विसरण्याची सोय राहत नाही.

कंपनी बदलताना जपून. स्वस्तातली जुनी पॅनेलं टूजीवर चालतात आणि जिओचं नेटवर्क टूजी नाही. तिथं जिओचं सिम घातलं तर ते कधीच बोलणार नाही. पॅनेल खरंच बदलायचं असेल तर फोरजीचंच मागा.

सिम ठीक निघालं तर बॅटरी. आत सहसा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी असते. फोन लावताना जीएसएमचं मॉड्यूल क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतं. बॅटरी थकलेली असेल तर नेमक्या त्या क्षणी पॅनेलचे दिवे विझून पुन्हा लागतात आणि कॉल अर्ध्यातच मरतो. लाइन असताना कॉल जातो, लाइन गेली की जात नाही, ही याची खूण. मेन स्विच बंद करून अलार्म वाजवून बघा, डोळ्यांनी दिसेल. आपल्याकडचा मे महिना बॅटरीचा वैरी आहे. तापमान दहा अंशांनी चढलं की तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. म्हणून पॅनेल टिनाखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीवर नको. नवी बॅटरी आठशे ते बाराशेत येते. तिच्यावरची तारीख वाचूनच घ्या, दुकानात पडून राहिलेली गळ्यात मारून घेऊ नका.

लँडलाइनवरचा जुना डायलर असेल तर गोष्ट वेगळी. तांब्याच्या तारेला वीज एक्स्चेंजकडून मिळायची, घरची लाइन गेली तरी फोन चालायचा. फायबर आलं आणि फोन घरच्या मोडेमवर आला. लाइन गेली की मोडेमही बंद, म्हणून त्याला छोटा यूपीएस लावा, हजार-दीड हजारात काम होतं.

कधी कधी डायलर निर्दोष असतो आणि आपलाच मोबाइल रात्री ‘डू नॉट डिस्टर्ब’वर असतो. अलार्मचा नंबर नावानं सेव्ह करून आवडत्या यादीत टाका. डायलरमध्ये दुसरा नंबर शेजाऱ्याचा भरा, पुण्यातल्या मुलाचा तिसरा. ११२ मात्र त्यात भरू नका. पालीनं सेन्सर हलवला तरी पोलिसांना फोन जाईल. खात्री करून ११२ आपणच लावावा.

एवढं करूनही फोन आला नाही, तर अमरावती किंवा अकोल्याहून माणूस बोलवा. येण्याजाण्याचे पैसे आधी ठरवा आणि बिलावर पॅनेलचं मॉडेल, वॉरंटीची मुदत लिहून घ्या. वॉरंटीत असूनही विक्रेता टाळत असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यानंही भागलं नाही तर अमरावतीचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला तिथं फी लागत नाही.