पैसे भरून पुस्तक काढू नकोस

जळगाव जामोद,
वैशाख शुद्ध चतुर्थी

चि. सोनू,

काल नांदुऱ्याच्या स्टेशनवर तुझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील भेटले. पुण्याहून आले होते. एसटीची वाट पाहता पाहता म्हणाले, "तुमच्या भाचीचं इंग्रजी कवितांचं पुस्तक येतंय म्हणे! आजीची एकदाणी गहाण ठेवून पैसे भरले तिने. नोकरीही सोडणार आहे." मी नुसती मान हलवली. तुझ्या मामीला अजून काही सांगितलेलं नाही. ताईला तर हे ठाऊक नसणारच. असतं तर तिचा फोन केव्हाच आला असता.

बेटा, खरं काय ते मला कळव. पण आधी माझं म्हणणं ऐक. पैसे भरले नसशील तर भरू नकोस.

पैसे घेऊन पुस्तकं काढणाऱ्या अशा कंपन्यांची पत्रकं मी शाळेत शिकवत असताना पुष्कळ पाहिली आहेत. एवढे पैसे द्या, एवढ्या प्रती देऊ, मुखपृष्ठ आमच्याकडे. कविता कशी आहे हे त्यात कोणी विचारत नाही. तुझी एक ओळ कोणी कापणार नाही, एक शब्द अडखळला म्हणून तुला कळवणार नाही. हस्तलिखित न वाचताच ज्याने होकार दिला, त्याच्या हाती आजीची एकदाणी? ती तिने कापूस वेचून, पै पै जमवून केली होती, हे तुला माहीत आहे. आजोबांच्या आजारपणातसुद्धा ती मोडली नव्हती.

तू म्हणशील, मामा, कोलटकरांनीही पुस्तकं स्वतःच काढली होती. दिवाळीत गच्चीवर बसून तू मला 'जेजुरी' वाचून दाखवलीस, "मला असं लिहायचंय" म्हणालीस, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. मग अरुण कोलटकरांची पुस्तकं कधी आली, कशी आली, हेही नीट बघ.

'शब्द' हे लघुअनियतकालिक त्यांनी दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांच्याबरोबर चालवलं ते 1950 च्या दशकात. सायक्लोस्टाइल करून काढत. म्हणजे विशीतच ते लिहीत होते, मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीत. 'जेजुरी' एका इंग्रजी त्रैमासिकात छापली गेली 1974 साली आणि पुस्तक झालं 1976 मध्ये. तोवर चाळिशी उलटली होती. ते पुस्तक काढलं 'क्लिअरिंग हाऊस'ने. ही कवींनीच उभी केलेली संस्था: कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल. त्या वर्षी चौघांचीही पुस्तकं आली. पण ते चौघे एकमेकांच्या कवितांचे वाचक होते, तेही कडक. मुखपृष्ठं कोलटकरांनी स्वतः केली, कारण जे. जे.मध्ये शिकलेला तो माणूस जाहिरातीच्या धंद्यात नाणावलेला आर्ट डायरेक्टर होता. ती कामं त्यांनी कवितेसाठी टाकली नाहीत, सोनू. नोकरी सोडण्याचं जे ऐकलं, ते खरं असेल तर हेही लक्षात घे.

आणि पुढे काय झालं? 'जेजुरी'ला 1977 चा राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अशोक शहाणे यांच्या 'प्रास प्रकाशना'ने 'अरुण कोलटकरच्या कविता' हा मराठी संग्रह काढला. एवढं नाव झाल्यावर दुसरा कोणी वर्षाला एक पुस्तक काढता. यांचं पुढचं इंग्रजी पुस्तक यायला 2004 उजाडलं! 'काळा घोडा पोएम्स' आणि 'सर्पसत्र' दोन्ही त्याच वर्षी आली. आधीच्या वर्षी मराठीत 'भिजकी वही' आली होती. इतकी वर्षं ते लिहीतच होते. काळ्या घोड्याच्या चौकातल्या हॉटेलात खिडकीशी बसून रस्त्यावरची माणसं पाहत होते, जनमेजयाच्या यज्ञात जळणाऱ्या सर्पांकडे नव्याने बघत होते. 25 सप्टेंबर 2004 ला ते गेले. साहित्य अकादमीने 'भिजकी वही'चा गौरव केला तो ते गेल्यानंतर. राहिलेल्या इंग्रजी कविता मेहरोत्रांनी 2009 मध्ये 'द बोटराइड अँड अदर पोएम्स' या नावाने एकत्र केल्या. पुढच्या वर्षी समग्र इंग्रजी कविता इंग्लंडात निघाल्या.

सव्वीस वर्षांच्या मुलीने असंच करावं, असं मी म्हणत नाही. इतकं थांबणं सगळ्यांना जमत नाही, जमूही नये. पण त्या कवीजवळ मेहरोत्रा होते, शहाणे होते, चित्रे होते. आधी वाचक होते, मग पुस्तक. तुझ्याजवळ कोण आहे? पॅकेज विकणारा?

फार लांब कशाला जायचं? आपल्याच जिल्ह्यात मेहकरला ना. घ. देशपांडे वकिली करत होते. त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशींनी गायली, ती रेकॉर्डवरून घराघरांत पोचली. 'शीळ' हा संग्रह मात्र त्यानंतर वर्षानुवर्षांनी, 1954 मध्ये आला. 1986 मध्ये 'खूणगाठी'ला साहित्य अकादमी मिळाली. मेहकर सोडून ते कुठे मुंबईला जाऊन बसले नाहीत.

काल भेंडवळला घटमांडणी होती. सूर्य मावळताना शेतात घट मांडतात, भोवती धान्यं ठेवतात, आणि रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. पहाटे जे दिसेल त्यावरून पावसापाण्याचं बोलतात. त्या भाकितावर विश्वास ठेव की नको ठेवू. पण लिहिलेली कविता अशीच रात्रभर राहू द्यावी, मग बघावी.

मी हे का लिहितोय, तुला कळेल. तुझ्या वयाचा होतो तेव्हा माझ्याही दोन वह्या होत्या, एक इंग्रजी, एक मराठी. बाबा गेले, शाळेतली नोकरी मिळाली, तुझ्या आईचं लग्न उभं राहिलं. वह्या ट्रंकेत गेल्या. पुस्तक निघालं नाही याची मला खंत नाही. खंत एवढीच, की "ही ओळ राहू द्या, ती काढा" असं म्हणणारं कोणी मला या तालुक्यात सापडलं नाही. असतं तर मी लिहीत राहिलो असतो. म्हणून तुझ्याबद्दल ऐकलं आणि रात्री झोप लागली नाही. ही पोरगी लिहायची थांबू नये, एवढंच डोक्यात होतं. पैसे गेले, पुस्तकाचे गठ्ठे पलंगाखाली पडले, कोणी वाचलं नाही, की माणूस लिहिणंच सोडतो. मला एकदाणीपेक्षा त्याची जास्त भीती आहे.

फार बोललो. रागावू नकोस. पैसे भरून झाले असतील तर रडत बसू नकोस, आणि आईला कसं सांगू म्हणून घाबरूही नकोस. सावकाराची पावती मला पाठव. पेन्शन आहे, संत्र्याचा बहारही यंदा बरा आहे. एकदाणी मी सोडवून आणीन आणि तुझ्या कपाटात परत ठेवीन. ताईला मी सांगीन, माझ्या पद्धतीने. आजीला कळलं असतं तर तिनेही तुला आधी जेवायला वाढलं असतं, मग विचारलं असतं.

तुझ्या मराठी कविताही मला आवडतात. "मराठीत कोण वाचतं?" असं मागे म्हणाली होतीस. मी वाचतो. कोलटकरांनी एकाही भाषेला सोडचिठ्ठी दिली नाही. तूही देऊ नकोस.

सुट्टीत ये. नांदुऱ्याला मी घ्यायला येईन. तोवर तुझ्या सगळ्या कविता, इंग्रजी आणि मराठी, खोडलेल्या ओळींसकट मला पोस्टाने पाठव. इंग्रजी मी शिकवलेलं आहे, पेन्सिल घेऊन बसेन, प्रत्येक ओळ वाचेन. मामा तुझा पहिला वाचक व्हायला तयार आहे. एवढं त्याला होऊ दे.

तुझा,
मामा