रात्री चेहऱ्याला काय लावायचं, ते ऐक

पोरी, पगार झाला की नाइट क्रीम घेणार म्हणतेस ना? घे. पण आधी चार गोष्टी तुझ्या कानावर घालते.

डबीवर 'नाइट' छापलं म्हणून आत काही जादू नसते. दिवसाच्या क्रीममध्ये बहुतेक वेळा सनस्क्रीन असतं, रात्रीच्यात ते नसतं. त्याऐवजी तेल-मेण जास्त, म्हणून ते जड लागतं. आपल्या मिरजोळ्यात मे महिन्यात अंगावरचा घाम सुकत नाही. तुझ्या तेलकट चेहऱ्याला तेव्हा जड क्रीम लावलंस तर पुटकुळ्या येणार. त्या दिवसांत जेलसारखं हलकं काहीतरी पुरे. पौषातल्या गारठ्यात गाल ओढल्यासारखे होतात, तेव्हा जड वापर. एमआयडीसीत एसीत बसणाऱ्यांची आणि मासळीच्या कंपनीत दिवसभर गार पाण्यात हात घालणाऱ्यांची कातडी मात्र बारमाही कोरडी पडते.

ओठ, कोपरं आणि टाचा यांसाठी दुकानात जाऊच नकोस. कोकमतेलाचा गोळा घरात आहे. रातांब्याची सालं आमसुलांना गेली की बिया पावसाआधी कडकडीत वाळवायच्या, टरफल काढून आतला गर वाटायचा, पाण्यात उकळायचा. वर येणारा तवंग काढून गार झाला की मुठीत दाबून गोळे करायचे. हे तेल चाळीस अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून उन्हाळ्यातही गोळा घट्ट राहतो. नखाने थोडं खरवडून तळव्यावर चोळ, मऊ झालं की भेगांत भर आणि मोजे घालून झोप. चेहरा फारच कोरडा असेल तर तिथेही बोटभर चालेल.

विकतचं घेताना डबी उलटी कर. मागच्या यादीत ज्याचं प्रमाण जास्त, त्याचं नाव आधी असतं. 'गार्सिनिया इंडिका' म्हणजे आपलं कोकम. पुढे 'कोकम बटर' मोठ्या अक्षरात आणि मागे ते यादीच्या तळाला, असं दिसलं तर जास्तीचे पैसे कशाला मोजायचे? ग्लिसरीन वरच्या नावांत असेल तर स्वस्तातली ट्यूबही उत्तम. उघड्या तोंडाच्या डबीत रोज बोटं जातात, म्हणून ट्यूबच बरी.

आता खरी काळजीची गोष्ट. उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत यांतलं काही नसेल तर ते क्रीम फुकट मिळालं तरी घ्यायचं नाही. अकोल्यात एका घरातल्या मायलेकींनी ब्यूटीशियनकडून घेतलेलं गोरेपणाचं क्रीम लावलं आणि तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. 2023 साली ही बातमी पेपरात होती. मुंबईच्या केईएममध्ये तपास झाला, क्रीममध्ये पारा निघाला. चेहऱ्याला लावलेलं रक्तापर्यंत पोचतं, हे विसरू नकोस.

तसंच मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल ही नावं पाठ कर. ही स्टेरॉइडं. मैत्रीण म्हणेल, आठ दिवसांत उजळले. पुढे कातडी पातळ होते, उन्हात आग होते, मुरमं येतात, चेहऱ्यावर लव वाढते. 2018 पासून अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. महिनोन्‌महिने कुणी लावत असेल, तर ते कसं सोडायचं हेही डॉक्टरांनाच विचारायचं.

नवं क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच रात्री लावून बघ. खाज नाही, लाली नाही, मग चेहऱ्याला. कामावरून आल्यावर चेहरा साध्या फेसवॉशने धू, टॉवेलने टिपून घे आणि ओलसर असतानाच वाटाण्याएवढं लाव. लिंबू किंवा खायचा सोडा चोळून वर क्रीम लावण्याचा उद्योग करू नकोस. रेटिनॉल असलेलं घेतलंस तर सुरुवातीला आठवड्यातून दोनच रात्री, आणि सकाळी सनस्क्रीन लावल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. वहिनीला दिवस गेलेत, तिला त्या ट्यूबला हातही लावू देऊ नकोस.

आणि चेहरा लाल होऊन चुरचुरायला लागला, की "क्रीम काम करतंय" म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. पाण्याने धू, लावणं थांबव आणि ती डबी सोबत घेऊनच त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.