पवनचक्कीचे पाते

जत तालुक्याच्या माळावर पवनचक्क्या फिरतात. त्यांची पाती कशाची असतात? लोखंडाची नव्हेत. काचेच्या धाग्यांचे कापड थरावर थर ठेवतात. राळेने ते घट्ट चिकटवतात. आपली वाकळ थरांची, तसेच हे पाते.

पितळी तांब्या पडला, तर पोचा दिसतो. पात्याला मार बसला, तर बाहेर कधी नुसता बारीक डाग दिसतो. आत मात्र थर सुटलेले असतात. वाऱ्याने पाते वाकते, तशी ती फट वाढते. मग पाते मोडूही शकते.

मडके घेताना आपण टिचकी मारतो ना? कारागीरही पाते ठोकून पाहतो. आवाज बद्द आला, तर आत फट असू शकते.

तेव्हा गड्यांनो, पाते उतरवताना धक्का लागला, तर लपवू नका. डाग लहान असला तरी लगेच सांगा.