जुनी हार्ड डिस्क : पाटी पुसली, माल आतच

आजकाल छोट्या दुकानदाराचे आणि कारखानदाराचे हिशेबही संगणकावरच असतात. संगणक जुना झाला की त्यातील हार्ड डिस्क एकतर दुसऱ्या कामाला लावली जाते किंवा भंगाराच्या भावात विकली जाते. ही दोन कामे वेगळी आहेत. दोन्हींना एकच उपाय लावला, तर गिऱ्हाइकांची उधारी, कारागिरांची मजुरी आणि खरेदीचे भाव परक्याच्या हाती पडू शकतात.

लिनक्स प्रणालीत वाइपएफएस नावाची कमांड असते. रोमन लिपीत डब्ल्यू, आय, पी, ई, एफ, एस ही छोटी अक्षरे जोडून ती लिहावी. तिचे काम समजण्यासाठी आधी डिस्कची ओळखखूण म्हणजे काय ते पाहू. डिस्कवर माहिती कोणत्या पद्धतीने मांडली आहे, हे संगणक एका ठरलेल्या जागी लिहिलेल्या मोजक्या बाइट्सवरून ओळखतो. लिनक्समधील एक्सट-४ पद्धतीची खूण १०८० बाइट सोडून पुढे असते आणि ती अवघ्या २ बाइटची असते. दुकानावरच्या पाटीसारखेच हे आहे. वाइपएफएस ही पाटी पुसते. आतल्या मालाला हात लावत नाही.

पाटी पुसण्याची गरज कधी पडते? पेनड्राइव्हवर लिनक्स बसवण्याची प्रत उतरवली की त्यावर सीडीची खूण बसते. नंतर कधी कधी तो पेनड्राइव्ह भलत्याच आकाराचा दिसतो, धड फॉरमॅटही होत नाही. दुसऱ्याकडून घेतलेल्या डिस्कच्या शेवटच्या भागात जुन्या रेड जोडणीची खूण राहिलेली असू शकते. नव्या फॉरमॅटने ती पुसली जाईलच असे नाही. मग एकाच दुकानावर दोन पाट्या लागतात आणि संगणक गोंधळतो.

पुसण्यापूर्वी एलएसबीएलके ही कमांड देऊन डिस्कचे नाव व आकार पाहावा. एसडीए, एसडीबी ही नावे संगणक पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात, म्हणून कालच्या आठवणीवर विसंबू नये. वाइपएफएसपुढे नुसते डिस्कचे नाव दिले, तर ती खुणांची यादी दाखवते. काही पुसत नाही. पुढे आडवी रेघ व छोटा ‘ए’ जोडला की सापडलेल्या सर्व खुणा पुसते. त्याच्यासोबत तसाच ‘एन’ दिला, तर फक्त रंगीत तालीम होते. ‘बी’ दिल्यास पुसलेले बाइट एका फाइलमध्ये जपले जातात. चुकीची डिस्क पुसली गेली, तर ते पुन्हा जागेवर लिहिता येतात. हा ‘बी’ कंटाळा न करता द्यावा. अर्थात, ती फाइल पुसायच्या डिस्कवरच राहता कामा नये.

डिस्कचे भाग पाडलेले असतील, तर आधी प्रत्येक भागाची आणि मगच पूर्ण डिस्कची खूण पुसावी. नुसती पूर्ण डिस्क पुसली आणि पुढे त्याच मापाचे भाग पडले, तर जुनी पाटी पुन्हा वर येते.

आता विक्रीचे पाहू. खूण पुसलेली डिस्क रिकामी दिसते, पण माहिती परत काढणाऱ्या साधनांना आतील हिशेब वाचता येतो. गिऱ्हाइकाची माहिती ही आपल्याकडे अमानत असते. तिथे पाटी पुसून भागत नाही. अगोदर हिशेबाची प्रत दुसरीकडे काढावी. जीएसटी कायद्याप्रमाणे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात आणि वाद चालू असेल तर त्याहूनही जास्त. मगच फिरत्या तबकड्यांच्या डिस्कवर श्रेड ही कमांड चालवावी. ती सगळ्या जागेवर निरर्थक माहिती लिहिते, काही सांगितले नाही तर तीनदा. सेकंदाला १०० मेगाबाइटचा वेग धरला, तर १ टेराबाइटच्या एका फेरीला पावणेतीन तास लागतात. रात्री लावून ठेवावे.

एसएसडीला हा उपाय पुरत नाही. तिच्यातील काही राखीव जागेपर्यंत श्रेड पोहोचत नाही. त्यासाठी डिस्क बनवणाऱ्या कंपनीचे पुसण्याचे साधन वापरावे. बंद पडलेली डिस्क मात्र कोणत्याच कमांडला दाद देत नाही. फिरत्या डिस्कच्या तबकड्यांना आणि एसएसडीच्या प्रत्येक चिपला ड्रिलने आरपार भोके पाडावीत. काही तबकड्या काचेच्या असतात आणि त्यांचे तुकडे उडतात, तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवा.