कोबा भुकटी का सोडतो?

प्रश्न : सरावलीत माझा फॅब्रिकेशनचा गाळा आहे. दोन वर्षांपूर्वी काँक्रीटचा कोबा केला. सिमेंट नामांकित, खडी काळ्या दगडाची. तरी रोज झाडताना पांढरट भुकटी निघते, ट्रॉलीच्या वाटेवर तर चर पडलेत. शेजारच्या गाळ्यात हेच सिमेंट वापरलंय, पण जमीन टणक आहे. असं का?
– एक वाचक, सरावली

उत्तर : खडीला दोष देऊ नका. भारतीय मानक 383 नुसार, झिजणाऱ्या पृष्ठभागासाठीच्या खडीची लॉस एंजेलिस चाचणीतली झीज 30 टक्क्यांच्या आत हवी; आपल्याकडचा चांगला बेसाल्ट त्यात सहज बसतो. पण ट्रॉलीचं चाक खडीवर फिरतच नाही. ते फिरतं वरच्या दोन-तीन मिलिमीटरच्या सिमेंट-रेतीच्या थरावर, आणि तो थर बिघडतो पाण्यामुळे.

कोब्यासाठी 50 किलोच्या गोणीला साधारण 22-23 लिटर पाणी पुरे. माल सहज पसरावा म्हणून मजूर बादलीभर जास्त ओततात. हे जादा पाणी खडी खाली बसताना वर येतं आणि पृष्ठभाग चकाकू लागतो. घाईतला गवंडी त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरून लगेच थापी फिरवतो. दिसायला गुळगुळीत, पण पाणी आत कोंडलं जातं आणि वरचा थर सच्छिद्र होतो. चकाकी आपोआप जाईपर्यंत थांबायचं, पावलाचा ठसा जेमतेम उमटेल तेव्हा पोलादी थापीने घोटायचं. अर्धवट शेडखाली पावसाची झड आली, तरी हेच नुकसान होतं.

दुसरं, पाणी मारणं. मानक 456 साध्या सिमेंटला किमान 7 दिवस सांगतं, राखमिश्रित पीपीसीला 10, कोरड्या उन्हाळ्यात 14. बाजारातल्या बहुतेक गोण्या पीपीसीच्या, आणि गाळ्याचा ताबा घ्यायची घाई मात्र चौथ्या दिवसापासूनच! आळी बांधून पाणी साठवा, नाहीतर ओलं गोणपाट अंथरा. शेजाऱ्यांनी बहुधा हेच केलं असावं.

आता उपाय. खिळ्याने ओरखडा काढून पाहा. फक्त भुकटी निघाली, तर सिलिकेटचं द्रव हार्डनर लावा. ते काँक्रीटमधल्या चुन्याशी संयोग पावून छिद्रं भरतं. खिळा आत रुतला, तर मऊ थर घासून काढून नवा थर घालावा लागेल. नव्या गाळ्यात ट्रिमिक्स करा, त्यात जादा पाणी पंपाने शोषून घेतात. मात्र गाळ्यात आम्ल सांडत असेल, तर हार्डनरवर पैसे घालू नका. तिथे आम्लरोधक लाद्याच हव्यात.