कॉमर्स अन् कॉम्प्युटर: प्रवेशाआधी हे बघा

कॉमर्स आणि कॉम्प्युटर एकत्र शिकवणारी पदवी वाईट नाही. मी तीच केली आणि तिच्यावरच पोट भरतो. आमच्याकडे वाईट आहे ते प्रवेशाच्या टेबलावरचं बोलणं. बी.कॉम. कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशनला नाव घालताना मला सांगितलं गेलं, "बाबू, हे अन् बीसीए एकच समज. पुढं एमसीए आरामात होते."

एमसीएचा फॉर्म भरायला बसलो तेव्हा नियम कळला. बीसीएवाल्याला दार उघडं होतं, बी.कॉम.वाल्याला मात्र तेव्हा बारावीत किंवा पदवीत गणित लागत होतं. यवतमाळात कॉमर्सची बहुतेक पोरं अकरावीला गणित टाळून एस.पी., म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती, घेतात. त्यात मार्क पडतात. मीही तेच घेतलं होतं. तेव्हा एमसीए काय असतं, हे घरात कोणाला माहीत होतं?

या पदव्यांची नावं विद्यापीठागणिक बदलतात. नागपूरला बीसीसीए, पुण्यात बीबीए (सीए), तीसुद्धा आधी वाणिज्य शाखेची बीसीएच होती. त्यातच 2024-25 पासून बीबीए, बीसीए, बीएमएस एआयसीटीईच्या कक्षेत गेले आणि महाराष्ट्रात त्यांना सीईटी लागली. मग काही कॉलेजांनी नाव बदलून तोच अभ्यासक्रम सीईटीविना चालू ठेवला. पोराला वाटतं, बरं झालं, परीक्षा टळली. पण त्याच वर्षापासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शिक्षण शुल्क माफ आहे. त्यासाठी प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, व्हावा लागतो. सीईटी चुकवलेली मुलगी या माफीला मुकू शकते. कापसाच्या पैशावर फी भरणाऱ्या बापासाठी ही किरकोळ गोष्ट नाही.

शिकलेलं वाया जातं असंही नाही. मी जिनिंगचे हिशेब बघतो. शेतकऱ्याकडून कापूस घेतला की जीएसटी रिव्हर्स चार्जने खरेदीदारालाच भरावा लागतो. निव्वळ प्रोग्रामरला हे ठाऊक नसतं, आणि जुन्या मुनीमजींना डेटाबेसमधून हवा तो रिपोर्ट काढता येत नाही. दोन्ही येणारा माणूस वणी-पांढरकवड्यात शोधावा लागतो. फक्त टॅली येते म्हणणारे मात्र चिक्कार आहेत, म्हणून तेवढ्यावर थांबू नका. एसक्यूएल आणि एक्सेल हाताखालून जाऊ द्या.

इथंही काम आहे हे माझं म्हणणं पुण्याचं वेड असलेल्यांना पटणार नाही, ठीक आहे.

पण प्रवेशाआधी त्या कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्याची गुणपत्रिका मागून बघा. पदवीचं पूर्ण नाव, विद्याशाखा आणि गणिताचा पेपर तिच्यावर दिसतो. टेबलावरचा माणूस ती दाखवायला कां-कूं करत असेल, तर तिथून उठा. आणि घरात दहावीचं लेकरू असेल, तर अकरावीत त्याचं गणित सुटू देऊ नका.