न्यायमूर्ती विल्यम कुशिंग

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात क्वॉक वॉकर नावाचा एक कृष्णवर्णीय गुलाम होता. तान्हा असतानाच एका गृहस्थाने त्याला आईबापांसह विकत घेतले होते. 'मोठा झालास की तुला मुक्त करीन,' असे वचन त्या धन्याने दिले. परंतु पुढे तो मरण पावला. त्याच्या विधवेने नॅथॅनियल जेनिसन याच्याशी विवाह केला. तीही वारली, आणि वॉकर जेनिसनची मालमत्ता मानला जाऊ लागला. जेनिसनला त्या वचनाची काय पर्वा! १७८१ साली वॉकर तेथून निघून गेला व जुन्या धन्याच्या भावांच्या शेतावर राबू लागला. जेनिसनने त्याला तेथे गाठले, बेदम मारले व कोंडून ठेवले.

या मारहाणीबद्दल जेनिसनवर भरलेला खटला १७८३ साली वूस्टर येथे चालला. मुख्य न्यायाधीश होते विल्यम कुशिंग. 'वॉकर माझा गुलाम. त्याला परत आणणे हा माझा हक्क,' असा जेनिसनच्या बाजूचा युक्तिवाद होता. रूढीही त्याच्याच बाजूची होती. शंभराहून अधिक वर्षे गुलामगिरी तेथे चालत आलेली! कुशिंग यांनी ती रूढी नाकारली नाही. मात्र त्यांनी पंचांना सांगितले, की १७८० च्या राज्यघटनेने सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र व समान मानली आहेत, आणि त्या वचनाशी गुलामगिरीचा मेळ बसत नाही. पंचांनी जेनिसनला दोषी ठरविले. दंड झाला अवघा चाळीस शिलिंग! या एकाच निकालाने सारे पालटले असे नव्हे. तथापि १७९० च्या शिरगणतीत त्या राज्यात एकाही गुलामाची नोंद झाली नाही.

कुशिंग यांचा जन्म १७३२ सालचा, सिच्युएट गावचा. वडील व आजोबाही न्यायाधीशच. १७८९ साली जॉर्ज वॉशिंग्टन यांनी सर्वोच्च न्यायालयावर त्यांची नेमणूक केली. इंग्रजी थाटाचा केसांचा टोप घालून ते न्यूयॉर्कमध्ये हिंडू लागले, तेव्हा रस्त्यातील पोरे त्यांच्यामागे लागली आणि त्यांनी तो टोप कायमचा उतरवला, असे सांगतात.

त्या काळी या न्यायाधीशांना गावोगाव फिरून न्यायदान करावे लागे. कुशिंग यांनी आपल्या घोडागाडीत पुस्तके व खाद्यपदार्थ ठेवण्यासाठी खण करवून घेतले होते. पत्नी हॅना सोबत असत व वाटेत त्यांना वाचून दाखवीत. १७९६ साली सरन्यायाधीशपद चालून आले असता प्रकृतीच्या कारणास्तव त्यांनी ते नाकारले. साधे न्यायाधीश म्हणून मात्र ते १८१० साली मृत्यू येईपर्यंत काम करीत राहिले.